तीन विरुद्ध तीन: जर्मनीनं लहानग्यांचा फुटबॉल का लहान केला

आठ-नऊ वर्षांच्या मुलांची सात विरुद्ध सात मॅच कुठेही बघा, जर्मनीत बघा नाहीतर पुण्यात. बॉल जिथे असेल तिथे गुळाच्या ढेपेला लागलेल्या मुंगळ्यांसारखी दहा मुलं. दोन गोलकीपर आपापल्या टोकाला कंटाळून गवत उपटतायत. अंगानं थोराड असलेला एखादा मुलगा त्या गर्दीतून बॉल घेऊन सुटतो, पुढे मोकळं रान आणि गोल. पुन्हा मध्यापासून सुरुवात, पुन्हा तोच मुलगा. रेषेबाहेर त्याचे कोच खूश, वडील खूश. उरलेल्यांपैकी काहींच्या पायाला पूर्ण हाफमध्ये बॉल चार-दोनदा लागतो. तो लागला रे लागला की बाहेरून "मार, लांब मार!" असा ओरडा येतो, आणि बॉल लगेच जातो.

हिशेब अगदी साधा आहे. 14 मुलं, एक बॉल. खेळ 40 मिनिटांचा धरला आणि बॉल एकदाही रेषेबाहेर गेला नाही असं मानलं, तरी एकेकाच्या वाट्याला सरासरी तीन मिनिटंही येत नाहीत. बाकावर बसलेल्यांना त्याहून कमी. तेवढाच वेळ तीन विरुद्ध तीन खेळलं तर वाटा साडेसहा मिनिटांच्या वर जातो. 11 मार्च 2022 रोजी बॉन शहरात जर्मन फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे डीएफबीच्या, अधिवेशनात एक निर्णय झाला, त्याच्या मुळाशी हाच हिशेब होता. सात वर्षांखालची मुलं यापुढे दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन खेळतील, तेही चार छोट्या गोलपोस्टवर. त्यावरची, नऊ वर्षांखालची मुलं तीन विरुद्ध तीन ते पाच विरुद्ध पाच. अकरा वर्षांखालची पाच विरुद्ध पाचपासून सात विरुद्ध सातपर्यंत. अगदी लहान गटांना गुणतक्ता नाही, लीगचा विजेता नाही. आधी 2019 पासून काही भागांत हे करून पाहिलं होतं. 2024-25च्या हंगामापासून ते देशभर सक्तीचं झालं.

सत्तर लाखांहून जास्त सभासद असलेल्या, चार वेळा विश्वचषक जिंकलेल्या महासंघानं हे का करावं? जर्मनीत याआधीही अशी उलथापालथ झाली होती. 2000च्या युरो स्पर्धेत संघ गटातच गारद झाला, तेव्हा डीएफबीनं देशभर 366 प्रशिक्षण केंद्रं उभी केली आणि व्यावसायिक क्लबांना अकादमी काढायला लावल्या. त्याचं फळ 2014 साली ब्राझीलमध्ये विश्वचषकाच्या रूपानं मिळालं. मग 2018च्या विश्वचषकात, रशियातल्या कझानमध्ये, दक्षिण कोरियाकडून 0-2 हार आणि पुन्हा गटातूनच घरी. अकादमीतून बाहेर पडणारी मुलं पास सुरेख देतात, जागा धरून खेळतात, पण समोरच्याला एकट्यानं चकवून पुढे जाणारा खेळाडू मिळत नाही आणि गोल करणारा त्याहून दुर्मीळ, अशी ओरड सुरू झाली. तेव्हा महासंघाचे संचालक असलेले ऑलिव्हर बिअरहोफ गल्लीतल्या, मोकळ्या मैदानावरच्या फुटबॉलची वृत्ती परत हवी असं सांगत होते. या वेळी दुरुस्ती अकादमीत न करता सहा वर्षांच्या मुलापासून करायची ठरली. मला यातला हाच भाग सगळ्यात धाडसाचा वाटतो. अकादमी सुधारली की पाच-सात वर्षांत नावं दिसतात. सहा वर्षांच्या मुलाचा खेळ बदलणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचं श्रेय त्याच्या खुर्चीत बसून कधीच मिळणार नाही.

खेळाची कल्पना मात्र डीएफबीची नव्हती, आणि फुटबॉलवाल्याचीही नव्हती. हॉर्स्ट वाइन हा जर्मन माणूस मुळात हॉकीचा. 1980च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या हॉकी संघाचा तो प्रशिक्षक होता. त्या स्पर्धेची अंतिम मॅच आपल्याकडच्या जुन्या लोकांना पाठ आहे: भारत 4, स्पेन 3, वासुदेवन भास्करनच्या संघाचं सुवर्ण. भारतीय हॉकीचं आजवरचं ते शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण. त्या दिवशी हरलेल्या बाकावरचा हा माणूस पुढे फुटबॉलकडे वळला, स्पेनमध्ये राहून लहान मुलांच्या खेळावर काम करत राहिला आणि 'फुनिन्यो' नावाचा तीन विरुद्ध तीन खेळ त्यानं बसवला. 2016 साली तो गेला. स्वतःच्या देशानं त्याचा खेळ नियमात आणलेला त्याला पाहता आला नाही.

आता खेळ. मैदान साधारण 25 ते 28 मीटर लांब आणि 20-22 मीटर रुंद. दोन्ही टोकांच्या रेषेवर दोन-दोन छोटे गोलपोस्ट, एक डाव्या कोपऱ्याकडे, एक उजव्या. म्हणजे प्रत्येक संघाला गोल करायला दोन जागा आणि राखायलाही दोन. गोलकीपर कुणीच नाही. गोलपोस्टपुढे सहा मीटरचा पट्टा. गोल त्या पट्ट्यात शिरूनच करायचा, लांबून मारलेला धरला जात नाही. बॉल बाजूनं बाहेर गेला तर हातानं फेकायचा नाही, पायानंच आत आणायचा. गोल झाला की दोन्ही संघांतला एकेक जण बाहेर आणि राखीव आत. कोण कुणानंतर, हा क्रम आधीच ठरलेला.

वाचायला हे नियम किरकोळ वाटतात. त्यातला एकेक नियम मैदानावर काय करतो ते बघण्यासारखं आहे.

एक मुलगी बॉल घेऊन उजव्या गोलकडे निघाली. समोरून दोघं धावत आले. नेहमीच्या मॅचमध्ये तिच्यापुढे दोनच मार्ग असतात: अंगावर घेणं किंवा डोळे मिटून लाथ हाणणं. इथे ते दोघं उजवीकडे आले त्या क्षणी डावा गोल उघडा पडला. मान वर केली तर तो दिसतो, नाही केली तर बॉल जातो. पहिल्या दिवशी ती मान वर करत नाही. दोन-चारदा बॉल गेला की करते. मग वळते, पायाच्या बाहेरच्या बाजूनं बॉल दुसरीकडे काढते, किंवा तिकडे उभ्या असलेल्या जोडीदाराला देते. "डोकं वर ठेव" हे वाक्य कोच वर्षभर ओरडत असतो, ते दुसऱ्या गोलपोस्टनं न बोलता सांगितलं. बचाव करणाऱ्यांचंही तसंच. तिघांना दोन गोल राखायचे आहेत, म्हणजे तिघंही बॉलवर धावली की मागे दार उघडं. एकानं अडवायचं, एकानं दुसरी बाजू धरायची, तिसऱ्यानं मध्ये राहायचं, हे त्यांना फळ्यावर बाण काढून शिकवावं लागत नाही. दोन-तीन गोल खाल्ले की आपापसात भांडून तेच ठरवतात.

सहा मीटरच्या पट्ट्यानं "लांब मार" संपवलं. थोराड मुलाची ताकद इथे कामाची नाही. त्यालाही बॉल पायात ठेवून आत शिरावं लागतं. माझ्या मते हा या खेळातला सर्वांत हुशार नियम आहे, आणि घाईत हाच पहिल्यांदा गाळला जातो, कारण पट्टा आखायचा कंटाळा येतो. पट्टा नसेल तर छोट्या मैदानावर पहिल्याच लाथेला गोल होतो आणि सगळी मजा जाते.

गोलकीपर नसल्यामुळे सात वर्षांच्या कुणाला थंडीत एका जागी उभं राहावं लागत नाही. बदलीच्या ठरलेल्या क्रमानं कोचच्या हातातलं मोठं हत्यार काढून घेतलं. निकाल डोळ्यांपुढे असला की कोच चांगल्या चौघांना खेळवत राहतो आणि कच्च्या मुलांना शेवटची तीन मिनिटं देतो. इथे कुणाला बाहेर काढायचं हे ठरवायला कोच नाहीच.

तीन हा आकडाही विचार करून घेतलेला आहे. दोघंच असतील तर बॉलवाल्यापुढे पास द्यायला एकच माणूस असतो. तीन झाले की त्रिकोण तयार होतो आणि निवड सुरू होते: डावीकडे, उजवीकडे, की स्वतःच. आठ वर्षांच्या डोक्याला एवढ्या निवडी पुरतात. अकरा जणांच्या खेळातली निवड त्याला पेलत नाही, म्हणून तो बॉलमागे पळतो. त्या घोळक्याला आपण "मुलांना पोझिशन कळत नाही" म्हणतो. त्या वयात ती कळावी अशी अपेक्षाच चूक आहे.

कोचला मात्र यात सुट्टी नाही. तो बोलायचं थांबतो आणि नियम हलवायला लागतो. मुलं पासच देत नसतील तर तिघांच्या पायाला लागलेला गोल दोन धरायचा. सगळी पासच देत सुटली असतील आणि कुणी समोरच्याला चकवायला बघत नसेल, तर गोलपोस्ट उचलून टाकायचे आणि टोकाच्या रेषेवर बॉल थांबवला की गोल. एखादा संघ फारच वरचढ असेल तर त्यानं डाव्या पायानंच गोल करायचा. दर वेळी खेळ थांबवून भाषण दिलं की खेळ मरतो. नियम एका वाक्यात सांगायचा आणि बाजूला व्हायचं.

डीएफबीनं या खेळाभोवती मॅचचं स्वरूपच बदललं. पूर्वी शनिवारी एक संघ दुसऱ्या गावी जायचा, एक मॅच खेळायचा, जिंकून किंवा हरून परत. आता पाच-सहा क्लबांची मुलं एका मैदानावर जमतात. छोटी मैदानं ओळीनं आखलेली. खेळ सात ते दहा मिनिटांचा. संपला की जिंकलेला संघ शेजारच्या वरच्या मैदानावर सरकतो, हरलेला खालच्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर आपसूक तुल्यबळ संघ समोरासमोर येतात. 12-0 अशी मॅच झालीच तर दहा मिनिटांत संपते आणि पुढची वेगळी असते. दिवसाच्या शेवटी सगळ्यात वरच्या मैदानावर कोण हे मुलांना बरोबर माहीत असतं, पण ते कुठल्या तक्त्यात जात नाही आणि पुढच्या आठवड्यात परत सुरुवात शून्यापासून.

रेफ्री नसतो. ही चाल जर्मनीतल्या आखेन शहराच्या भागात 2007 साली राल्फ क्लोर यांनी सुरू केलेल्या 'फेअर प्ले लीग'मधून आली. तिथे नियम तीन होते: निर्णय मुलांनी घ्यायचे, दोन्ही कोचनी एकाच जागी शेजारी उभं राहायचं, आणि पालकांनी मैदानापासून साधारण 15 मीटर लांब थांबायचं. तिसरा नियम मुलांसाठी आहे असं वाटतं. तो आहे पालकांसाठी. पंधरा मीटरवरून आई-बाबांचं कौतुक ऐकू येतं, सूचना ऐकू येत नाहीत.

आता विरोधाकडे. तो जोरात झाला आणि मोठ्या माणसांकडून झाला. 9 सप्टेंबर 2023 रोजी वोल्फ्सबुर्गला जपाननं जर्मनीला 4-1 असं झोडपलं आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांना काढलं. सगळा देश चिडलेला. त्याच सुमारास बोरुसिया डॉर्टमुंडचे प्रमुख आणि डीएफबीचे उपाध्यक्ष हान्स-योआखिम वात्स्के यांनी या सुधारणेची जाहीर टर उडवली. आता पुढे बॉलशिवायच खेळायचं की काय, किंवा बॉल चौकोनी करूया म्हणजे हळू पळणाऱ्या मुलांपासून तो घरंगळत जाणार नाही, असा त्यांचा सूर होता. मुद्दा गंभीर होता: सहा-आठ वर्षांचं असताना हरणं म्हणजे काय हे ज्याला कळलं नाही, त्याच्यात जिंकण्याची ताकद कुठून येणार?

त्यांना उत्तर दिलं हानेस वोल्फ या डीएफबीच्या नव्या संचालकांनी. आणि गंमत म्हणजे वोल्फ स्वतः डॉर्टमुंडच्याच युवा संघांचे प्रशिक्षक होते, 17 आणि 19 वर्षांखालील संघांना त्यांनी देशाची विजेतेपदं मिळवून दिली होती. म्हणजे "यांना जिंकायचं काय कळतं" असं म्हणायची सोय नव्हती. छोट्या खेळात दर काही मिनिटांनी कुणी जिंकतं आणि कुणी हरतं, स्पर्धा कमी झालेली नाही, हे त्यांचं म्हणणं.

माझं मत वोल्फ यांच्या बाजूनं आहे, पण डीएफबीनं स्वतःवर हे ओढवून घेतलं असंही वाटतं. "गुणतक्ता बंद" ही बातमी झाली आणि "प्रत्येक मुलाला दुप्पट बॉल" ही झाली नाही. सांगताना जे बंद केलं ते पुढे आणि जे दिलं ते मागे ठेवलं, मग लोकांना दुसरं काय ऐकू येणार? वात्स्के ज्या हरण्याबद्दल बोलतात ते खरं तर नव्या पद्धतीत जास्त आहे. जुन्या लीगमध्ये दुबळ्या क्लबमधला मुलगा आठवड्यातून एकदा हरायचा, बहुतेक वेळा बाकावरून. आता तो एका सकाळी तीनदा हरतो, दोनदा जिंकतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या पायानं.

दुसरी एक टीका मला जास्त वजनदार वाटते. 17 वर्षांखालील जर्मन संघानं 2 डिसेंबर 2023 रोजी इंडोनेशियात फ्रान्सला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला. ती सगळी मुलं जुन्या पद्धतीत वाढलेली. मग जुनं इतकं वाईट होतं का? याला पूर्ण उत्तर नाही. एक गोष्ट तेवढी सांगता येते: विश्वचषक जिंकणारी मुलं जुन्या पद्धतीत टिकून राहिलेली होती. ही सुधारणा मुख्यतः अशा मुलांसाठी आहे जी टिकली नाहीत. जर्मनीत वयोगट 1 जानेवारीला बदलतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. आठव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे जवळजवळ पाच-सहा सेंटिमीटर उंची. सात विरुद्ध सातमध्ये डिसेंबरवाला बाकावर बसतो, दोन वर्षांत खेळ सोडतो, आणि तो चांगला झाला असता का हे कुणालाच कळत नाही. सक्तीच्या पहिल्या हंगामात सहा वर्षांची असलेली मुलं 2036च्या आसपास अठरा वर्षांची होतील. तोवर मोठ्या संघाच्या निकालावरून या सुधारणेला शाबासकी किंवा शिव्या देणं दोन्ही फुकट आहे.

खेड्यापाड्यांतल्या क्लबांची तक्रार मात्र तात्त्विक नव्हती. चार छोटी मैदानं म्हणजे सोळा गोलपोस्ट. ते विकत कोण घेणार, ठेवायचे कुठे, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता मांडायचे कुणी? जर्मनीत लहान मुलांचे कोच बहुतेक करून कुणाचे तरी बाबा किंवा आई असतात, फुकट काम करणारे. त्यांच्या अंगावर चौपट मांडामांड आली. यावर झटपट तोडगा नव्हता. बऱ्याच ठिकाणी काठ्या नाहीतर कोन उभे करून काम चालवलं जातं, आणि त्यानं खेळात काही बिघडत नाही. गोलकीपरचा प्रश्न तसा सोपा आहे: पाच विरुद्ध पाचपासून तो येतो, आणि तोवर पायानं खेळायला शिकलेला गोलकीपर आजच्या फुटबॉलला हवाच आहे.

जर्मनी यात पहिली नाही. बेल्जियमनं तांत्रिक संचालक मिशेल साब्लों यांच्या हाताखाली हे वीस वर्षांपूर्वीच सुरू केलं होतं, तिथेही सर्वांत लहान गटांचे तक्ते बंद करण्यावरून भांडणं झाली होती. इंग्लंडनं 2012 साली सात आणि आठ वर्षांखालच्यांसाठी पाच विरुद्ध पाच मान्य केलं आणि 2026-27 पासून सर्वांत लहान गटाला तीन विरुद्ध तीनवर आणायचं ठरवलं.

आपल्याकडे जर्मन फुटबॉलचं आकर्षण कमी नाही. 2023 साली महाराष्ट्र सरकारनं बायर्न म्युनिक क्लबशी करार केला, 14 वर्षांखालील मुलांची 'एफसी बायर्न महाराष्ट्र कप' स्पर्धा भरवली आणि निवडलेली मुलं म्युनिकला गेली. त्या मुलांचा आनंद खराच. पण जर्मनी स्वतः दुरुस्ती सहाव्या वर्षी करतेय आणि आपण तिच्याकडून चौदाव्या वर्षाचं काहीतरी मागतोय. त्याआधी 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात होता, तेव्हा 15 सप्टेंबर 2017 रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' झालं, शाळांना फुटबॉल वाटले, राज्यभर पोरं एका दिवशी खेळली. त्या विश्वचषकाच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, आणि तिथलं पोरगं मैदानावर यायच्या आधी पेठेतल्या बोळात तीन-चार जणांतच खेळून आलेलं असतं. बिअरहोफ जे परत हवं म्हणत होते ते आपल्या काही गावांत अजून गेलेलं नाही. शाळेच्या पीटीच्या तासाला मात्र ते शिरत नाही. तिथे चाळीस मुलं, पाच नंबरचा एक बॉल, आणि सर शिट्टी घेऊन मध्ये.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2018 साली 'गोल्डन बेबी लीग' आणली. छोटे संघ, छोटी मैदानं, मुलं-मुली एकत्र, आणि अशी लीग एखादा पालकही चालवू शकत होता. कागदावर ती जर्मन सुधारणेच्या अगदी जवळची होती. शाळेत तेही न करता उद्यापासून काय करता येईल, ते लिहितो, कारण एवढं वाचून कुणी पीटीचे सर किंवा मॅडम "आमच्याकडे सोळा गोलपोस्ट नाहीत" म्हणून सोडून देतील.

24 ते 32 मुलं असतील तर अर्ध्या फुटबॉल मैदानात चार छोटी मैदानं बसतात. रेषा फक्कीनं मारायच्या, आणि सहा मीटरचा पट्टाही. गोल म्हणजे दोन दप्तरं, मध्ये दीड पाऊल. बॉल चार लागतात. लहानांना पाच नंबरचा बॉल देऊच नये. तो 410 ते 450 ग्रॅमचा असतो आणि सात वर्षांच्या पायाला दगडासारखा लागतो, मग मूल पायाच्या अंगठ्यानं ढकलायला शिकतं आणि ती सवय जन्मभर जात नाही. तीन नंबरचा बॉल घ्यावा. नसेल तर जाड रबरी बॉल चालतो.

सुरुवातीला अंग गरम करायला धावायच्या फेऱ्या नकोत. विषामृत खेळा, पण बॉलसकट. दोघा-तिघांवर राज्य. ज्याला 'विष' मिळालं त्यानं पाय फाकवून उभं राहायचं. त्याच्या दोन पायांमधून कुणी बॉल पास केला की 'अमृत', तो सुटला. बॉल निम्म्या मुलांकडेच असले तरी भागतं: ज्यानं सोडवलं त्यानं बॉल सुटलेल्याला द्यायचा आणि स्वतः मोकळं पळायचं. यात बॉल पायाजवळ ठेवणं, मान वर ठेवणं आणि हळू, नेमका पास हे तिन्ही येतं, आणि मुलांना नियम आधीपासून पाठ आहेत. मग आट्यापाट्या. पाटीवरच्यानं पाटी सोडायची नाही, बाकीच्यांनी बॉल घेऊन एकेक पाटी ओलांडायची. सूर, म्हणजे मधली उभी पाटी राखणारा, काढून टाकावा, नाहीतर लहानांना फार अवघड होतं. पाटीवरचा एका बाजूला झुकला की दुसरीकडून निसटायचं, हेच फुटबॉलमधलं चकवणं. कोनांच्या रांगेत वळणं घेत बॉल नेण्याच्या सरावात ते येत नाही, कारण कोन झुकत नाही. शिवाय दहा जणांच्या रांगेत प्रत्येक मूल तासातला नऊ दशांश वेळ पुढच्याची पाठ बघत उभं असतं. रांगेचा सराव सरांना सोपा पडतो, तेवढाच त्याचा फायदा.

तासाचा निम्म्याहून जास्त वेळ तीन विरुद्ध तीनला द्या. आठ मिनिटांचे डाव, जिंकलेले वर, हरलेले खाली. राखीव मुलाला पुढचा गोल कधी होतो याकडे डोळे लावून बसावं लागतं, तेवढ्यात त्याचं लक्षही राहतं. भांडण झालं तर सरांनी लगेच धावून जाऊ नये. बॉल कुणाचा हे ठरत नसेल तर "दगड-कागद-कात्री" करायला सांगावं.

आणि डाव एकतर्फी झाला तर त्यासाठी फुनिन्योत एक सोय आहे: तीन गोलांनी मागे पडलेल्या संघानं एक जादा खेळाडू आत घ्यायचा, फरक कमी झाला की बाहेर काढायचा. आत घ्यायचं लक्षात ठेवायला सर लागत नाहीत. बाहेर काढायचं लक्षात ठेवायला समोरचा संघ असतोच.